दगडा, दगडा, तुझं गाव कोणतं?

मुंबईत नवा माणूस भेटला की दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न ठरलेला. "गाव कुठलं?" माझगावात तर हमखास. पत्ता विचाराल तर सगळे माझगावचे, पण गाव विचाराल तर कुणी रत्नागिरीचं निघतं, कुणी साताऱ्याचं, कुणी गोव्याचं, कुणी कच्छचं. आणि गंमत म्हणजे, समोरच्याने गाव सांगितलं नाही तरी ते लपत नाही. बोलण्यातला हेल, आमटीतलं खोबरं, गणपतीला काढलेली आठ दिवसांची रजा, कुठून ना कुठून ते बाहेर पडतंच.

हाच प्रश्न दगडाला विचारला तर?

हसू नका! भूगर्भशास्त्रज्ञांचा एक मोठा गट आयुष्यभर हाच उद्योग करतो. दगड बोलत नाही, तरी त्याचं गाव त्याच्या अंगावर असतं. फक्त ते कुठे पाहायचं, हे कळायला हवं. आज आपण तेच शिकणार आहोत. सुरुवात करू माझगावातून, आणि पोहोचू थेट अरबी समुद्राच्या तळाशी.

जागचा दगड आणि पाहुणा दगड

डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरलात की जवळच माझगावची टेकडी आहे. वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. बागेच्या खाली भंडारवाड्याचा पाण्याचा जलाशय आणि जलाशयाच्या खाली टेकडीचा कातळ. कठड्याशी उभं राहिलं की बंदर दिसतं, क्रेन दिसतात, माझगाव डॉकमधली जहाजं दिसतात.

या कातळाला गाव विचारायची फारशी गरज नाही. मुंबई बेटाचा बहुतेक कातळ ज्वालामुखीतून आलेला आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून तापलेला लाव्हा बाहेर आला, राख उडाली, सगळं थंड झालं आणि तिथेच घट्ट बसलं. सह्याद्री आणि दख्खनचं पठार ज्या काळ्या दगडाचं आहे, तो बेसाल्ट याच घराण्यातला. हा दगड जिथे जन्मला तिथेच राहिला. जागचा दगड.

पण दुसरीही एक जात आहे: गाळाचा खडक. याची कहाणी फिरतीची. आधी कुठेतरी एक डोंगर असतो. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळं त्याला फोडतात. तुकडे ओढ्यात पडतात, ओढा ते नदीत नेतो, नदी समुद्रात. वाटेत घासून घासून त्यांची वाळू होते, चिखल होतो. मग तो गाळ कुठेतरी बसतो, त्यावर आणखी गाळ, त्यावर आणखी. खालचा थर दबतो. पाण्यात विरघळलेला चुना किंवा सिलिका कणांच्या फटींत शिरून त्यांना चिकटवते. लाखो वर्षांनी तिथे पुन्हा दगड तयार! वालुकाश्म, पंकाश्म, चुनखडक, ही सगळी याच कुळातली मंडळी.

आता अडचण पाहा. या पाहुण्याचा मूळ आकार गेला, रंग बदलला, आणि ज्या डोंगरातून तो निघाला तो डोंगरही कदाचित झिजून नाहीसा झाला. मग गाव शोधायचं कसं?

गोदीच्या चिखलातलं जंगल

पहिला धडा माझगावच्या शेजारीच मिळतो. १८७० च्या दशकात वाडीबंदरजवळ प्रिन्सेस डॉक ही गोदी बांधायला घेतली. ती १८८० मध्ये सुरू झाली. गोदीसाठी खोल खणायला लागतं. मजूर निळसर चिखल उपसत खाली खाली गेले, आणि चिखलाखाली त्यांना चक्क जंगल सापडलं!

एकूण ३८२ झाडं उघडी पडली. त्यातली २२३ अजून उभीच होती, मुळं जमिनीत रोवून. बाकीची आडवी झालेली. लाकूड खैराचं, म्हणजे ज्यापासून विड्यातला कात बनवतात ते झाड. आणि हे सगळं ओहोटीच्या पाण्याच्या पातळीच्याही खाली. १८७८ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात याची नोंद छापून आली.

आता तुम्ही गुप्तहेर व्हा. ही झाडं कुठून तरी वाहून आली असतील का? आडव्या ओंडक्यांबद्दल तशी शंका घेता येईल. पण उभ्या झाडांचं काय? वाहून आलेलं झाड मुळं रोवून उभं राहात नाही. शिवाय खैर खाऱ्या चिखलात वाढत नाही, त्याला कोरडी जमीन लागते. म्हणजे तिथे कधीकाळी कोरडी जमीन होती, झाडं तिथलीच होती, आणि नंतर समुद्राने ती जागा घेतली. झाडं जागची, वरचा चिखल पाहुणा. एकाच खड्ड्यात दोन्ही!

दुसरा पुरावा वरळीचा. एकोणिसाव्या शतकात वरळीला पाण्याच्या वाटेसाठी खोदकाम चालू असताना लाव्ह्याच्या थरांमध्ये दबलेला गाळाचा काळा खडक लागला. त्यात काय सापडलं असेल? बेडूक! छोट्या बेडकांचे सांगाडे. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. डायनोसॉर हे नाव ज्यांनी दिलं, तेच हे ओवेन. वरळीच्या खडकात कासवही मिळालं. बेडूक समुद्रात राहात नाहीत, म्हणजे तो गाळ गोड्या पाण्याच्या तळ्यात बसला होता. लाव्ह्याचा एक लोंढा येऊन थांबला, दुसरा यायचा होता, आणि मधल्या शांत काळात आजच्या वरळीला तळं होतं. तळ्यात बेडूक पोहत होते. अजून माणूस या जगात यायचा होता.

झाडं आणि बेडूक हे फार चांगले साक्षीदार. पण प्रत्येक दगडात बेडूक कुठून आणायचा?

उत्तर आधीच ठाऊक असलेलं कोडं

अवघड कोड्याआधी एक सोपं कोडं सोडवू. याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे.

फोर्टात फिरताना जुन्या इमारतींचे फिकट पिवळसर दगड पाहिलेत? त्यांतला बराचसा पोरबंदरचा दगड. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून तो जहाजांनी मुंबईत आला. समजा, हे आपल्याला ठाऊकच नाही. मग भिंगातून पाहू. इवले इवले गोलसर दाणे दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्यांत समुद्रातल्या अतिसूक्ष्म जीवांच्या कवचांचे कण दिसतात, आणि जोडीला थोडे खडकांचे कण. म्हणजे ही किनाऱ्यावरची कवचांची वाळू. लाटांनी आणि वाऱ्याने ती ढिगात रचली आणि चुन्याने जोडली.

१८४९ मध्ये हेन्री जॉन कार्टर यांनी या दगडाला 'मिलिओलाइट' हे नाव दिलं. त्यातल्या कवचांवरूनच. कार्टर पेशाने डॉक्टर, मुंबईत नोकरीला. वरळीच्या त्या कासवाचं वर्णन १८५२ मध्ये करणारेही तेच. औषधं देता देता दगडही तपासणारे डॉक्टर!

इथे एक सूचना. चुनखडकावर व्हिनेगर टाकलं की फेस येतो, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. म्हणून व्हिनेगरची बाटली घेऊन फोर्टात जाऊ नका. त्या इमारती आपला वारसा आहेत आणि वॉचमन काकांना विज्ञानाचं तितकंसं कौतुक नसतं.

आता खरं अवघड काम. बेडूक नाही, झाड नाही, डोळ्यांना दिसेल असं कवचही नाही. हातात फक्त राखाडी चिखलाचा दगड. त्याला बोलतं करायला चार साक्षीदार आहेत.

साक्षीदार पहिला: खनिजं

प्रत्येक खडक खनिजांचा बनलेला असतो. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर. आपण ज्याला गारगोटी म्हणतो, ती क्वार्ट्झच. बेसाल्टमध्ये असतं फेल्डस्पार, पायरॉक्सिन आणि काळं मॅग्नेटाइट. नेहमीच्या बेसाल्टच्या घडणीत क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच.

म्हणून वाळूत क्वार्ट्झचे पुष्कळ कण दिसले तर शास्त्रज्ञ लगेच कान टवकारतात. "हे एकट्या बेसाल्टमधून आलेलं दिसत नाही!" पण घाई करायची नाही. बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये मागाहून गारगोटी आणि अकीक तयार होतात, तेही वाळूत येऊ शकतात. एका कणावर निकाल द्यायचा नसतो.

आणखी एक फसवणूक आहे. पायरॉक्सिन हे नाजूक खनिज. उष्ण, दमट हवेत ते लवकर कुजतं. क्वार्ट्झ मात्र चिवट, हजारो किलोमीटर गेलं तरी टिकतं. मग एखाद्या दगडात पायरॉक्सिन नसेल तर त्याचे दोन अर्थ होतात: ते मुळातच नव्हतं, किंवा होतं पण वाटेत नाहीसं झालं. कोणता अर्थ खरा, ते बाकीच्या साक्षीदारांना विचारायचं.

सगळ्यात बोलका असतो तो जड खनिजांचा चमू: गार्नेट, झिरकॉन, कायनाइट वगैरे. वाळूत ते अगदी थोडे असतात. ते वेगळे काढायची युक्ती भारी आहे. प्रयोगशाळेत पाण्याच्या जवळपास तिप्पट जड द्रव घेतात आणि त्यात वाळू टाकतात. क्वार्ट्झची घनता पाण्याच्या २.६५ पट, म्हणून ते चक्क तरंगतं! गार्नेट आणि झिरकॉन बुडतात. दगड तरंगताना पाहायचा असेल तर रामसेतूच्या गोष्टीनंतर ही एक जागा. बुडालेले कण गोळा करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. कायनाइट निघालं तर समजायचं, हा कण अशा डोंगरातून आला जिथे खडक खोलवर दाबले आणि भाजले गेले होते. हिमालय तसा डोंगर आहे. लाव्ह्याचा सह्याद्री तसा नाही.

साक्षीदार दुसरा: चिखल

चिखल म्हणजे नुसती बारीक धूळ असं वाटतं ना? चिखलाचीही खनिजं असतात, पण इतकी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. त्यांच्यावर क्ष-किरण सोडतात. किरण खनिजातल्या अणूंच्या रांगांवरून ठरावीक कोनात परततात आणि त्या कोनांवरून खनिज ओळखू येतं.

यातलं एक खनिज तुम्ही पायाखाली तुडवलं आहे. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती आठवा. पावसात फुगते, चिकटते, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. ही करामत स्मेक्टाइट नावाच्या खनिजाची. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. बेसाल्ट कुजून हे स्मेक्टाइट तयार होतं. उलट हिमालयासारख्या उंच, थंड डोंगरांतून झिजून येणाऱ्या चिखलात इलाइट आणि क्लोराइट ही खनिजं जास्त असतात.

म्हणजे समुद्राच्या तळाशी फुगणारा चिखल सापडला तर दख्खनकडे बोट दाखवायचं, इलाइट-क्लोराइटचा सापडला तर हिमालयाकडे. अर्थात हाही एकच साक्षीदार. पुढे चला.

साक्षीदार तिसरा: मूलद्रव्यांचं प्रमाण

खनिजं कुजतात, हे आपण पाहिलं. पण त्यातली मूलद्रव्यं कुठे जाणार? काही, उदाहरणार्थ सोडियम आणि कॅल्शियम, पाण्यात विरघळून निघून जातात. काही मात्र पाण्याला दाद देत नाहीत. थोरियम आणि स्कँडियम ही त्यांतली दोन.

थोरियमला ग्रॅनाइटची संगत आवडते, स्कँडियमला बेसाल्टची. डोंगर फुटो, वाळूचा चिखल होवो, चिखलाचा दगड होवो, या दोघांचं आपसातलं प्रमाण फारसं बदलत नाही. म्हणून शास्त्रज्ञ दगडाची पूड करतात, यंत्रात घालतात आणि विचारतात, "थोरियम किती? स्कँडियम किती?" थोरियम वरचढ असेल तर मूळ डोंगर ग्रॅनाइटसारखा. स्कँडियम वरचढ असेल, सोबत लोह आणि टायटॅनियमही भरपूर असेल, तर बेसाल्ट.

लक्षात आलं? इथे एकाच मूलद्रव्याचा आकडा उपयोगाचा नाही. चिखलात वाळू किंवा चुना मिसळला की दोन्ही आकडे खाली येतात. पण भागाकार केला तर उत्तर जवळपास तेच राहतं. गुणोत्तर-प्रमाणाचा धडा कशासाठी शिकायचा, असं विचारणाऱ्यांसाठी हे एक उत्तर!

साक्षीदार चौथा: आतलं घड्याळ

काही अणू आपोआप दुसऱ्या अणूत बदलतात, आणि ठरलेल्या वेगाने बदलतात. झिरकॉनचा स्फटिक जन्मतो तेव्हा तो युरेनियमला आत घेतो, शिशाला मात्र जवळपास बाहेरच ठेवतो. पुढे युरेनियमचं हळूहळू शिसं होत जातं. युरेनियम-२३८ अर्धं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात. आज त्या कणात किती युरेनियम उरलंय आणि किती शिसं झालंय, हे मोजलं की कणाची जन्मतारीख मिळते. वाळूच्या प्रत्येक झिरकॉन-कणाची वेगळी जन्मतारीख!

जगातला सगळ्यात जुना माहीत असलेला झिरकॉन पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचा, सुमारे ४४० कोटी वर्षांचा. पृथ्वीचंच वय आहे साधारण ४५४ कोटी. आणि तो सापडला कशात माहितीय? गाळाच्या खडकात. तो जन्मला त्या मूळ खडकाचा आज पत्ता नाही. डोंगर गेला, कण उरला.

असंच आणखी एक घड्याळ निओडिमियम या मूलद्रव्यात असतं. समारियमचा एक प्रकार अतिशय सावकाश निओडिमियममध्ये बदलतो. त्यावरून गाळ जुन्या भूखंडातला आहे की दख्खनसारख्या त्यामानाने तरुण लाव्ह्यातला, याचा अंदाज येतो. आणि हे चिखलावरही चालतं, झिरकॉन नसला तरी.

मुंबईसमोरच्या समुद्रातली केस

चार साक्षीदारांशी ओळख झाली. आता त्यांना एका खऱ्या केसवर लावू.

३१ मार्च २०१५. कोलंबोत 'जॉइडेस रिझोल्यूशन' नावाच्या जहाजाची मोहीम सुरू झाली. लांबी १४३ मीटर, आणि मधोमध एक उंच मनोरा. हे मालवाहू जहाज नव्हतं की युद्धनौकाही नव्हती. त्या मनोऱ्यातून ते समुद्राच्या तळाला भोक पाडत असे. मोहिमेचे दोन प्रमुख होते: गोव्याच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक आणि महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि अमेरिकेत काम करणारे पीटर क्लिफ्ट. दोन महिन्यांनी मोहीम संपली, ती मुंबईत.

जहाज थांबलं अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून जवळपास पावणेपाचशे किलोमीटरवर, साडेतीन किलोमीटरहून खोल पाण्यात. तिथे दोन ठिकाणी तळाखाली १,१०० मीटरहून जास्त खोल भोक घेतलं. नळीतून गाळाचे लांबलचक दांडे वर येत. एकेक दांडा उभा चिरायचा. एक अर्धा अभ्यासाला, दुसरा अर्धा जपून ठेवायला. हिंदी महासागरातले असे दांडे जपानमधल्या कोची शहरात ठेवतात. केरळातलं कोची नव्हे बरं का!

शोधायचं होतं हिमालय आणि मोसमी पावसाचा इतिहास. हिमालय झिजला की त्याचा गाळ सिंधू नदी अरबी समुद्रात आणते. पावसाचा जोर बदलला की गाळही बदलतो. म्हणजे तळाचे थर ही पावसाची जुनी वही. पण वही वाचता वाचता मधेच भलतीच पानं निघाली.

एका ठिकाणी सुमारे ३०० मीटर जाडीचा आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे २०० मीटर जाडीचा एक विचित्र थर लागला. त्यात चुनखडकाचे तुकडेच तुकडे, काही तर मोठाले ठोकळे. आणि चुनखडक कसा? उथळ पाण्यात तयार होतो तसा! साडेतीन किलोमीटर खोल अंधारात उथळ पाण्यातला दगड काय करत होता? सूक्ष्म जीवाश्मांचीही सरमिसळ झालेली. एरवी खाली जुने, वर नवे असा नेम. इथे जुने जीवाश्म वर येऊन बसलेले. थर वाकलेले, मोडलेले.

हे शांतपणे बसलेल्या गाळाचं लक्षण नव्हे. हा सगळा ढीग कोसळून आला होता. समुद्राखालची दरडच म्हणा ना. तिला नाव दिलं गेलं 'नटराज'. काळ: सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी, किंवा त्याच्या जरासा आधी.

किती मोठी दरड? समुद्रतळाकडे ध्वनिलहरी सोडून तिचा आकार मोजला, तो निघाला १९,००० घन किलोमीटरच्या आसपास. गणित करून पाहा: महाराष्ट्राचं क्षेत्रफळ आहे ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. तेवढ्यावर ही दरड सारखी पसरली तर साठ मीटरहून जाड थर होईल. वीस मजली इमारत गाडली जाईल! भूपट्टांच्या टकरीपासून दूर असलेल्या शांत खंडकिनाऱ्यांवर याहून मोठी दरड जगात फक्त एकच ठाऊक आहे.

साक्षी काय निघाल्या?

ही दरड आली कुठून? चारही साक्षीदार बोलावले गेले. जड खनिजं मोजली, चिखलाची खनिजं पाहिली, मूलद्रव्यांची प्रमाणं काढली, झिरकॉनच्या जन्मतारखा लावल्या, समस्थानिकंही (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) तपासली. २०२० मध्ये निकाल छापून आला.

चुनखडकाचे ठोकळे भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या समुद्रबूड जमिनीच्या बाहेरच्या काठावरचे. तिथे पाणी उथळ असल्याने चुनखडक तयार होत असे. ते सोपं होतं. खरी मजा चिखलाची. त्याचं एक गाव निघालंच नाही. बराचसा चिखल सिंधूचा, म्हणजे मुळात उत्तरेकडच्या उंच पर्वतांतला. पण तो थेट तिथे आलेला नव्हता. आधी किनाऱ्याच्या काठावर मुक्काम करून, मग दरडीबरोबर पुन्हा निघालेला. त्यात नर्मदा आणि तापीसारख्या पश्चिमवाहिनी नद्यांचा गाळ मिसळलेला, आणि थोडा आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचाही.

विचार करा, यात एकाच साक्षीदारावर विसंबलो असतो तर? चुनखडक पाहून म्हटलं असतं, "किनाऱ्याजवळचा माल." झिरकॉन पाहून म्हटलं असतं, "सिंधूचा." स्मेक्टाइट पाहून म्हटलं असतं, "दख्खनचा." तिन्ही खरं, आणि प्रत्येक उत्तर अर्धवट. दगडाला गाव विचारलं की बहुतेक वेळा एक गाव मिळत नाही. एक वाट मिळते, वाटेतले मुक्काम मिळतात आणि मध्येच सामील झालेले सोबती मिळतात.

दरड का कोसळली, याचाही अंदाज आहे. नद्यांनी काठावर इतका गाळ आणून टाकला की काठ वाजवीपेक्षा जास्त उभा झाला. मग बहुधा भूकंपाने त्याला धक्का दिला. पण घाबरू नका. पुन्हा असं होण्याचा धोका या भागात कमी आहे, असं अभ्यासकांचं मत आहे.

आणि हे नुसतं जुन्या काळचं कुतूहल नाही. मुंबईसमोरच्या समुद्रात, 'मुंबई हाय'ला, १९७४ मध्ये तेल सापडलं, ते मुख्यतः चुनखडकाच्या थरांमध्ये. तिथल्या तेलविहिरींचे लोखंडी फलाट बांधणाऱ्यांत आपलं माझगाव डॉकही आहे. समुद्राखाली कोणता खडक कुठे आणि कसा बसला, हे कळलं तरच तेल कुठे शोधायचं, हे कळतं.

करून पाहा

लागणारं सामान: गिरगाव किंवा दादर चौपाटीची दोन चमचे वाळू, पांढरा कागद, भिंग, लोहचुंबक, पातळ प्लास्टिकची पिशवी, थोडं व्हिनेगर. सोबत मोठं माणूस. शेवटी साबणाने हात धुणं.

१. वाळू साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन उन्हात वाळवा आणि कागदावर पातळ पसरा.

२. चुंबक पिशवीत घालून वाळूवरून फिरवा. काळे कण चिकटतील. त्यांत मॅग्नेटाइट असतं आणि ते बहुतेक बेसाल्टमधून आलेलं. चुंबक पिशवीतून बाहेर काढला की कण आपोआप खाली पडतील. सावधान: शहरातल्या वाळूत लोखंडाचा कीसही असतो. भिंगातून पाहा, तांबूस गंज दिसला तर तो कण बाजूला काढा.

३. उरलेल्या कणांचे गट करा: काचेसारखे पारदर्शक, काळे-राखाडी, शिंपल्यांचे पांढरे तुकडे.

४. पांढऱ्या तुकड्यांवर व्हिनेगरचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर तो चुना, म्हणजे समुद्री जीवांचं देणं. आले नाहीत तर दुसरं काहीतरी.

५. सुट्टीत बाहेर जाल तिथल्या नदीची किंवा किनाऱ्याची चमचाभर वाळू डबीत आणा आणि हेच पुन्हा करा. साताऱ्यात कृष्णेची वाळू काळपट दिसेल, कारण तिच्या उगमाकडचा सगळा डोंगर बेसाल्टचा. मालवणची वाळू पांढरट दिसेल, कारण त्या भागात बेसाल्टहून कितीतरी जुने, क्वार्ट्झने भरलेले खडक आहेत. प्रत्येक डबीवर जागा आणि तारीख लिहा, नाहीतर दोन महिन्यांनी कोणती वाळू कुठली, ते तुम्हालाच कळणार नाही.

६. वहीत तीन रकाने आखा: काय सापडलं, किती सापडलं, काय सापडलं नाही. पहिले दोन सगळेच भरतात. पण मालवणच्या डबीत काळे कण किती कमी, कृष्णेच्या डबीत शिंपले का नाहीत, हे ज्याच्या लक्षात येतं, त्याला उगमाचा धागा हाती लागतो. म्हणून तिसरा रकाना रिकामा सोडू नका.